बुडबुड्याची वाट

मोटारसायकलचा पुढचा ब्रेक मऊ लागायला लागला की गॅरेजमधला मिस्तरी लिव्हर दोनदा दाबून पाहतो आणि सांगतो, "काका, एअर धरलीय. काढावी लागेल." इंग्रजीत याच कामाला ब्लीडिंग म्हणतात, म्हणजे रक्त काढणं. सायकलच्या दुकानांतून तो शब्द आपल्याकडेही रुळला आहे. मला मात्र गॅरेजचा शब्द अधिक नेमका वाटतो. तेल वाहताना दिसतं म्हणून इंग्रजीत नाव तेलावरून पडलं, पण काम सगळं हवेचं आहे. तेलात अडकलेली हवा सतत वर जायला बघते, वाटेत कुठेतरी आडोसा मिळाला की तिथेच बसून राहते, आणि ब्रेक दाबला की आपल्या बोटाचा जोर गिळते. माउंटन बाइकच्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची एअर घरी काढायची म्हणजे त्या बुडबुड्याला एकेक आडोसा सोडायला लावत बाहेर आणायचं. हे एकदा मनात बसलं की लिव्हर आडवा का ठेवायचा, नळीला टिचक्या का मारायच्या, सायकल तिरकी का टांगायची, हे पाठ करावं लागत नाही.

आधी बोटाच्या जोराचं काय होतं ते बघू. लिव्हरच्या पोटात एक लहान सिलिंडर आणि त्यात एक पिस्टन असतो. हा मास्टर सिलिंडर. तिथून एक बारीक नळी फ्रेमच्या कडेने चाकाजवळच्या कॅलिपरपर्यंत जाते. कॅलिपरमध्ये डिस्कच्या दोन्ही अंगांना पिस्टन असतात आणि त्यांच्या तोंडाशी पॅड. हिशेबासाठी मास्टर सिलिंडरचा पिस्टन १० मिलिमीटर व्यासाचा धरू आणि कॅलिपरचे २२ मिलिमीटरचे. शिमानोच्या दोन पिस्टनवाल्या बऱ्याच ब्रेकवर हे माप २२ च असतं. लिव्हरच्या तरफेने बोटाचा जोर पाचपट होतो असं समजू. बोटाने ५ किलोचा जोर लावला, तर मास्टर पिस्टनवर २५ किलो पडतात. त्या पिस्टनचं क्षेत्रफळ पाऊण चौरस सेंटीमीटरपेक्षा थोडंसंच जास्त. म्हणजे तेलातला दाब चौरस सेंटीमीटरमागे सुमारे ३२ किलो झाला, हवेच्या रोजच्या दाबाच्या तीसपट. हा दाब नळीतून जसाच्या तसा कॅलिपरपर्यंत पोचतो आणि तिथल्या मोठ्या पिस्टनवर पडून प्रत्येक पॅड १२० किलोच्या जोराने डिस्कवर दाबतो.

बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे ब्लेझ पास्कलचं सांगणं. द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापला गेला. शंभरपट मोठ्या पिस्टनला लहान पिस्टन जोडला तर एक माणूस शंभर माणसांना तोलून धरेल, अशी यंत्राची कल्पना त्यात आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये याच तत्त्वावरच्या प्रेसचं पेटंट घेतलं आणि १९२१ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग मोटारीला चारही चाकांवर हायड्रॉलिक ब्रेक आले. माउंटन बाइकवर ते रुळायला १९९० च्या दशकाची अखेर उजाडली.

जोर वाढतो तेव्हा अंतर कमी होतं, आणि घरी काम करणाऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट हीच. पॅड आणि डिस्क यांच्यात दोन्ही बाजूंना मिलिमीटरचा साधारण एकतृतीयांश भाग फट असते. ती मिटवायला दोन्ही पिस्टन ०.३ मिलिमीटर सरकवायचे, तर त्यांच्यामागे एकूण ०.२३ मिलिलिटर तेल जावं लागतं. चार-पाच थेंब! तेवढ्यासाठी मास्टर पिस्टन ३ मिलिमीटर सरकतो आणि आपलं बोट दीड सेंटीमीटर. डोंगरउतारावर आपला जीव ज्याच्या भरवशावर असतो, तो सगळा व्यवहार या चार-पाच थेंबांचा आहे.

आता त्या नळीत वाटाण्याएवढा बुडबुडा आहे असं समजा. नळीचं आतलं छिद्र दोन मिलिमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे हा वाटाणा तिथे बोटभर लांब पसरतो. पास्कल गेला त्याच वर्षी, १६६२ मध्ये, रॉबर्ट बॉइलचा नियम छापून आला: ठरावीक हवेवरचा दाब जितका वाढवावा तितकं तिचं आकारमान घटतं. तीसपट दाबाखाली आपला वाटाणा तिसाव्या हिश्श्याएवढा होतो, म्हणजे जवळजवळ नाहीसाच. पण तो नाहीसा करण्यात लिव्हरचा दीड सेंटीमीटर खर्ची पडतो, आणि पॅड तोवर पुरता जोर धरत नाहीत. उरलेला प्रवास संपायच्या आत लिव्हर हँडलच्या ग्रिपला टेकतो. ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा असला तरी दोन मिलिमीटर जातात. तेल दाबाखाली जवळजवळ आक्रसत नाही, हवा आक्रसते. लिव्हरचा मऊपणा म्हणजे एवढंच.

ही हवा येते कुठून? लिव्हरमध्ये मास्टर सिलिंडरच्या वर तेलाची छोटी टाकी असते आणि तिच्यावर रबरी पडदा. पॅड झिजत जातात तसे कॅलिपरचे पिस्टन डिस्कच्या जवळ सरकतात, त्यांच्यामागची मोकळी झालेली जागा टाकीतल्या तेलाने भरते आणि रबरी पडदा तेवढा खाली येतो. टाकी आणि सिलिंडर यांच्यामध्ये एक बारीक छिद्र आहे. लिव्हर सोडलेला असतो तेव्हा ते उघडं, दाबायला सुरुवात झाली की पिस्टनच्या सीलखाली बंद. टाकीत थोडी हवा राहिली तरी सायकल चाकांवर उभी असताना ती वरच तरंगते आणि काही बिघडत नाही. पंक्चर काढायला सायकल हँडलवर उलटी ठेवली, किंवा एसटीच्या टपावर कशीही आडवी टाकली, की टाकी उलटी होते आणि हवा त्या छिद्राकडे जाते. उलट्या सायकलचा लिव्हर कोणी दाबला तर ती थेट नळीत शिरते. पंक्चर काढून निघालेल्या माणसाचा ब्रेक पहिल्याच वळणावर मऊ लागतो तो यामुळे. पुष्कळदा सायकल सरळ उभी करून लिव्हर वीसेक वेळा हळूहळू दाबला-सोडला की हवा टाकीत परत जाते. तेवढ्याने भागलं तर ब्रेक उघडायची गरज नाही.

उघडण्याआधी दुखणं हवेचंच आहे ना, याची खात्री करून घ्या. हे न करता मी एकदा संध्याकाळ घालवली आहे. लिव्हर भरभर चार-पाच वेळा दाबल्यावर कडक होत असेल आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा मऊ पडत असेल, तर हवा आहे. लिव्हर कडक आहे पण बराच आत गेल्यावर धरतो, असं असेल तर आधी पॅड पाहा. शिमानोच्या पॅडचं अस्तर ०.५ मिलिमीटरवर आलं की बदलायचं आणि नवी असताना १.८ मिलिमीटर जाड असलेली डिस्क १.५ वर आली की ती काढायची. लिव्हर दगडासारखा कडक आणि सायकल मात्र थांबत नाही, उलट किंचाळते, तर पॅडवर तेल किंवा चेनचा स्प्रे उडाला आहे. हवेशी त्याचा संबंध नाही. आणखी एक लक्षण ओळखायला शिकलं पाहिजे, ते म्हणजे लांब उतारावर अर्ध्या वाटेत अचानक मऊ पडलेला आणि खाली येऊन थंड झाल्यावर सुधारलेला लिव्हर. तिथे तेल उकळलेलं असतं. वाफही दाबाखाली हवेसारखीच आक्रसते.

ब्रेक इतका तापतो का, असं वाटणं स्वाभाविक आहे. माउंटन बाइकचा जन्मच तापलेल्या ब्रेकजवळ झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटीत फेअरफॅक्स गावाजवळ एक मातीचा रस्ता आहे. साडेतीन किलोमीटरच्या आत तो सुमारे ४०० मीटर खाली उतरतो. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ आणि त्यांचे सोबती जुन्या, जाडजूड टायरच्या सायकली घेऊन तिथे उतरायचे आणि ऑक्टोबर १९७६ पासून त्यांनी घड्याळ लावून शर्यती घ्यायला सुरुवात केली. पेडल उलटं दाबलं की मागच्या हबच्या आत लागणारा ब्रेक त्या सायकलींना होता. एका उतारात हब इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं आणि पुढच्या खेपेआधी हब उघडून त्यात पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. या पुन्हा भरण्यावरूनच त्या रस्त्याचं नाव रिपॅक पडलं.

आपल्याकडचा हिशेब करायचा तर सिंहगडाचा गाडीरस्ता घ्या. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो, आणि उतार ६०० मीटरचा धरू. वजन, उंची आणि गुरुत्वाचा ९.८ हा आकडा गुणला की ५ लाख ज्यूल येतात. एवढ्या ऊर्जेत दीड लिटर साधं पाणी उकळायला लागेल. त्यातली बरीच हवेच्या विरोधात जाते, पण वळणावळणाच्या उतारावर उरलेली सगळी शे-सव्वाशे ग्रॅमच्या दोन डिस्कना पचवावी लागते. हलकासा ब्रेक सतत धरून उतरणाऱ्याच्या डिस्कना थंड व्हायला फुरसतच मिळत नाही. वळणाआधी जोरात दाबून मग पूर्ण सोडून देणाऱ्याच्या डिस्कना दोन वळणांच्या मधे वारा लागतो. ही उष्णता पॅडमधून पिस्टनकडे आणि पिस्टनमधून तेलात जाते.

म्हणून तेल कोणतं, हा प्रश्न जिवाचा आहे. सायकलींच्या ब्रेकमध्ये दोन प्रकारची तेलं असतात. शिमानो, मागुरा, टेक्ट्रो यांच्या ब्रेकमध्ये खनिज तेल असतं. शिमानोचं लालसर, मागुराचं निळं. होप आणि हेज यांच्या ब्रेकमध्ये आणि स्रॅमच्या बहुसंख्य ब्रेकमध्ये डॉट तेल असतं, म्हणजे मोटारसायकलला लागतं त्या जातीचं. स्रॅमने अलीकडे काही मॉडेलं खनिज तेलावर आणली आहेत. त्यामुळे कंपनीच्या नावावर भिस्त ठेवू नका. लिव्हरच्या झाकणावर तेलाचं नाव कोरलेलं असतं, ते वाचा.

डॉट हे अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नावाचं लघुरूप आहे. त्या खात्याने ठरवलेल्या प्रतवारीत डॉट ४ तेल कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत आणि डॉट ५.१ हे २६० अंशांपर्यंत उकळता कामा नये. पण हे तेल हवेतलं पाणी शोषून घेतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलेलं असताना हे आकडे अनुक्रमे १५५ आणि १८० वर येतात. आपल्याकडे जूनपासून चार महिने भिंतींना ओल येते आणि मीठ पाणी सोडतं. त्या हवेत उघडी राहिलेली डॉटची बाटली पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवून वापरू नये. डॉट तेल रंगही खातं. फ्रेमवर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, हातात मोजे घाला आणि डोळे सांभाळा. आणि डॉट ५ हे नाव ५.१ च्या जवळचं असलं तरी ते सिलिकोनचं, अगदी वेगळं तेल आहे. ते ५.१ च्या ब्रेकमध्ये चालत नाही.

खनिज तेल पाणी शोषत नाही. वरकरणी हा फायदाच, पण झिजलेल्या सीलमधून पाणी शिरलंच तर ते तेलात न मिसळता वेगळं राहतं. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते हळूहळू सर्वांत खालच्या जागी, कॅलिपरमध्ये, जाऊन बसतं. सर्वांत जास्त तापणारी जागाही तीच. डॉटमध्ये मुरलेल्या पाण्याने उकळबिंदू खाली येतो, इथे सुटं पाणी १०० अंशांच्या आसपासच वाफ होतं. खनिज तेलाचा ब्रेक वर्षानुवर्षं उघडायला नको हा समज म्हणून खरा नाही. पावसातल्या, चिखलातल्या सायकलीचं तेल वर्षातून एकदा बदललेलं बरं.

अडचण बाजारात आहे. डॉट ४ ची बाटली कोपऱ्यावरच्या ऑटो स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते, शिमानोचं खनिज तेल तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाही. मग कोणीतरी सांगतं, ब्रेक ऑइल ते ब्रेक ऑइल, घाला. कृपा करून घालू नका. खनिज तेलाच्या ब्रेकमधली रबरी सील नायट्राइल जातीच्या रबराची असतात आणि डॉटच्या ब्रेकमधली ईपीडीएम जातीच्या. एकात दुसऱ्याचं तेल गेलं की रबर फुगतं, मऊ पडतं, पिस्टन अडकतात. नुसतं धुऊन ते परत जागेवर येत नाही, पूर्ण ब्रेक बदलायची पाळी येते. शिलाई मशिनचं तेल किंवा लहान मुलांच्या अंगाला लावायचं तेल घालण्याचे सल्लेही कानावर पडतात. ज्या तेलाचं उकळणं आणि थंडीतलं घट्ट होणं कोणी तपासलेलं नाही, ते घाटात वापरायचं कशाला? ५० मिलिलिटरची योग्य बाटली कुरियरने मागवा आणि चार दिवस थांबा.

आता प्रत्यक्ष काम. मी इथे शिमानोच्या दोन पिस्टनवाल्या ब्रेकचं वर्णन करतो. आपल्याकडच्या माउंटन बाइकवर तो पुष्कळ दिसतो आणि त्याची पद्धत समजली की बाकीच्या अवघड जात नाहीत.

लिव्हरवर बसणारं छोटं नरसाळं आणि त्याचा दट्ट्या, एक सिरिंज आणि तिला घट्ट बसणारी पारदर्शक नळी, अडीच मिलिमीटरची अ‍ॅलन की, कॅलिपरच्या निपलसाठी, म्हणजे तेल सोडायच्या छोट्या तोटीसाठी, ७ मिलिमीटरचा रिंग पाना (काही मॉडेलांवर त्याजागी ३ मिलिमीटरची अ‍ॅलन की लागते), एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी, रबरबँड आणि जुनी सुती फडकी जमवा. नरसाळ्याच्या बाबतीत काटकसर करू नका. त्याचे आटे लिव्हरच्या आट्यांत हवाबंद बसले पाहिजेत, नाहीतर काढलेली हवा तिथूनच परत आत येते.

चाक काढा. पॅडही काढा आणि कामाच्या जागेपासून लांब, कागदात गुंडाळून ठेवा. पॅडचं अस्तर सच्छिद्र असतं, तेलाचा एक थेंब त्याला निकामी करायला पुरतो आणि तो पुन्हा निघत नाही. कॅलिपरचे पिस्टन प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीने हळूहळू पूर्ण आत ढकला. हे फार महत्त्वाचं आहे. पिस्टन बाहेर असताना तेल काठोकाठ भरलं आणि नंतर नवी पॅड बसवताना ते आत ढकलले, तर जादा तेलाला जायला जागा राहत नाही. मग पॅड डिस्कला घासत राहतात किंवा टाकीच्या कडेने तेल पाझरतं. पिस्टनच्या मधल्या जागेत ब्लीड ब्लॉक, म्हणजे ब्रेकबरोबर येणारा प्लॅस्टिकचा ठोकळा, बसवा. तो हरवला असेल तर त्याच जाडीचा गुळगुळीत प्लॅस्टिकचा किंवा लाकडाचा तुकडा चालेल. तो नसताना लिव्हर दाबत राहिलात तर पिस्टन बाहेर निसटू शकतो.

पुढचा ब्रेक सोपा, कारण नळी जवळजवळ उभी असते. मागच्या ब्रेकला मात्र नळी फ्रेमवरून लांबवर आडवी जाते, मधे खोलगट वळणं घेते, आणि बुडबुड्याचा पहिला आडोसा तिथेच असतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी सायकल गच्चीवर नेहमीसारखी उभी ठेवली होती. नरसाळ्यात एकही बुडबुडा येईना, मी समाधानाने सगळं बंद केलं, आणि दुसऱ्या दिवशी लिव्हर पुन्हा ग्रिपला टेकला. नंतर मी पुढचा भाग जिन्याच्या कठड्याला दोरीने बांधून सायकल जवळजवळ उभी टांगली, म्हणजे कॅलिपरपासून लिव्हरपर्यंत नळी सगळीकडे चढतीच राहील. त्या वेळी जेवढी हवा निघाली ती पाहून आदल्या दिवशीच्या समाधानाचं नवल वाटलं. स्टँड नसेल तर खिडकीचे गज, कठडा, अगदी पुढचं चाक पलंगावर ठेवणंही चालतं. नळीत कुठेही उतार येता कामा नये.

लिव्हरचा क्लँप सैल करून तो अशा कोनात फिरवा की टाकीचं झाकण जमिनीला समांतर आणि वरचा छोटा स्क्रू सर्वांत उंच जागी येईल. तो स्क्रू अ‍ॅलन कीने काढा. त्याच्यासोबतची ओ-रिंग केसाएवढी बारीक असते, ती पांढऱ्या बशीत ठेवा. नरसाळं घट्ट बसवून त्यात थोडं तेल ओता.

खालच्या बाजूला निपलवर आधी पाना चढवा, मग नळी. हा क्रम उलटा झाला की सगळं काढून पुन्हा करावं लागतं. सिरिंजमध्ये तेल भरून ती उभी धरा, टिचक्या मारा आणि दवाखान्यात नर्सबाई करतात तशी आतली हवा काढून टाका. नळीही टोकापर्यंत तेलाने भरलेली हवी, कारण तिच्यातली हवा हा आपण स्वतःच ब्रेकला दिलेला बुडबुडा असेल. आता निपल एक अष्टमांश फेरा उघडा आणि सिरिंज सावकाश दाबा. तेल खालून वर चढतं. हवा आपणहून वरच जाणार असते, तेल तिला मागून रेटा देतं, दोघांची दिशा एकच. थोड्याच वेळात वरच्या नरसाळ्यात जुनं, काळपट तेल आणि त्यातून बुडबुडे येऊ लागतात. या टप्प्यावर लिव्हर दाबू नका. शिमानोच्या सूचनांतही हे बजावून सांगितलेलं आहे. लिव्हर हलवत राहिलं तर वर स्वच्छ तेल दिसू लागतं आणि कॅलिपरमध्ये मात्र हवा राहते. वरचं तेल स्वच्छ आणि बिनबुडबुड्याचं झालं की निपल बंद करून सिरिंज काढा.

कॅलिपरच्या पिस्टनमागच्या कोपऱ्यांत चिकटलेले बुडबुडे वरपर्यंत जात नाहीत. त्यांना खालूनच बाहेर काढायचं. निपलला नळी आणि नळीला रबरबँडने पिशवी बांधा, नरसाळ्यात तेल पुरेसं आहे ना पाहा, आणि निपल उघडा. तेल आता आपल्या वजनाने वरून खाली वाहतं आणि त्या नळीतून सुटे बुडबुडे बाहेर पडताना दिसतात. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने कॅलिपरवर आणि नळीवर हलके ठोके द्या. बारीक बुडबुडे धातूला चिकटून बसतात, कंपनाने सुटतात आणि एकमेकांत मिसळून मोठे झाले की त्यांना चिकटून राहवत नाही. नरसाळं रिकामं होऊ देऊ नका. ते रिकामं झालं की वरून हवा शिरते आणि काम पहिल्यापासून सुरू करावं लागतं. बुडबुडे थांबले की निपल बंद. मग लिव्हर दाबून धरा आणि निपल जेमतेम अर्धा सेकंद उघडून लगेच बंद करा. आतल्या दाबाने तेल झटक्यात बाहेर येतं आणि उरलीसुरली हवा सोबत ओढून नेतं. असं दोन-तीनदा करून निपल पक्कं घट्ट करा. ४ ते ६ न्यूटन-मीटरच्या पुढे जोर लावू नका. हे काम दोघांनी करायचं आहे. एकाने लिव्हर, एकाने पाना. घरातल्या शाळकरी मुलालाही लिव्हरचं काम जमतं, फक्त "सोड" असं ऐकल्याशिवाय सोडायचा नाही हे आधी ठरवा, कारण निपल उघडं असताना लिव्हर सुटला तर बाहेरची हवा उलटी ओढली जाते.

शेवटचा आडोसा लिव्हरमध्येच असतो, टाकी आणि सिलिंडर यांच्यामधल्या त्या बारीक छिद्रापाशी. लिव्हर सावकाश दाबा-सोडा. नरसाळ्यात मोहरीएवढे बुडबुडे एकेक करून येतात. ते थांबले की लिव्हरची एक बाजू साधारण ३० अंश खाली झुकवा आणि पुन्हा दाबा. मग तितकीच वर करा. प्रत्येक कोनात हवेचा एक नवा खिसा रिकामा होतो. या पायरीला घाई करण्यात अर्थ नाही. मी चहा ठेवतो, दोन घोट घेतो, पुन्हा चार वेळा लिव्हर दाबतो. बुडबुडा आपल्या वेगाने वर येतो. तुम्ही लिव्हर जोरात हापसलात तर तो फुटून दहा होतात.

लिव्हर कडक आणि ठाम लागू लागला की तो पुन्हा आडवा करा, नरसाळ्यात दट्ट्या घालून त्यातलं तेल अडवा आणि नरसाळं काढा. छिद्राच्या तोंडाशी तेल काठोकाठ दिसलं पाहिजे. ओ-रिंगसकट स्क्रू बसवताना थोडं तेल कडेने ओसंडून वाहू द्या. ते वाहिलं याचा अर्थ टाकीत हवेला जागा उरली नाही.

स्रॅमच्या डॉट ब्रेकला वर आणि खाली दोन सिरिंज लावतात, आणि त्यात एक सुंदर पायरी आहे. तेल भरलेल्या सिरिंजचं तोंड बंद करून दट्ट्या मागे ओढायचा. आतला दाब घटला की तेलात विरघळलेली हवा सोड्यासारखी फसफसून बाहेर येते. तेल ब्रेकमध्ये जाण्याआधीच त्यातून हवा काढून घेतलेली असते.

सगळं तेल फडक्याने पुसा, कॅलिपर आणि लिव्हर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा, हात साबणाने धुवा, आणि त्यानंतरच पॅड आणि डिस्कला हात लावा. जुनं तेल मोरीत ओतू नका. खनिज तेल बाटलीत भरून गॅरेजमधल्या जुन्या इंजिन ऑइलच्या पिंपात देता येतं, डॉट मात्र वेगळ्या बाटलीत ठेवा. चाक बसवल्यावर लिव्हर काही वेळा दाबा, म्हणजे पिस्टन आपापल्या जागी येतील. कॅलिपरच्या पिस्टनभोवतीचं चौकोनी सील दाबाखाली थोडं मुरडतं आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला तेवढंच मागे ओढतं. पॅडमधली फट ठरते ती या मुरडीतून, वेगळी स्प्रिंग त्यासाठी लागत नाही. मग लिव्हर पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरा आणि निपलपाशी, नळीच्या जोडांपाशी, लिव्हरच्या स्क्रूपाशी कोरडं बोट फिरवा. बोटाला तेल लागलं तर सायकल बाहेर काढू नका.

सायकल रात्रभर सरळ उभी ठेवा. काम चाललेलं असताना डोळ्याला न दिसणारे बुडबुडे तेलात तरंगत असतात. रात्रभरात ते वर सरकतात, एकत्र होतात. सकाळी बाहेर पडण्याआधी लिव्हर एकदा दाबून पाहा. कालच्यापेक्षा आत गेला तर लिव्हर आडवा करा, वरचा स्क्रू काढून नरसाळं पुन्हा बसवा, दोन चमचे तेल ओता आणि लिव्हर हळूच दाबा. बहुतेक वेळा एकच, बऱ्यापैकी मोठा बुडबुडा वर येतो आणि नरसाळ्यातल्या तेलावर क्षणभर थांबून फुटतो.